या बेंगो

सत्तर वाक्यं पाठ करून गेले होते.
बँकेच्या जुन्या डायरीत, छापील तारखांवरून,
देवनागरीत लिहिलेली:
दोंदे एस्ता एल बान्यो, संडास कुठे आहे.
क्वांतो क्वेस्ता, केवढ्याला.
नो कोमो कार्ने, मी मांस खात नाही.
ग्वालासेओच्या बाजारात हे तिसरं पहिल्यांदा बोलले
तेव्हा बाईने समजून मान हलवली
आणि सूपात कोंबडीचा पाय घालून दिला.
पोयो, ती म्हणाली. कार्ने नाही.
व्याकरण दोघींचं बरोबर होतं. उपाशी मी राहिले.

खोली मिळाली दोन्या एर्मेलिंदा झुन्यो यांच्याकडे,
नदीच्या अंगाला. तळमजल्यावर त्या बुटांना शिवण घालतात
आणि बोलताना दोऱ्याचं टोक दातांत धरतात,
त्यामुळे डायरीतलं एकही वाक्य
त्यांच्या तोंडून डायरीसारखं येत नाही.
नुसतं पोर फावोर कोरडं वाटतं, त्या म्हणाल्या.
म्हणावं, नो सेआ मालीता,
वाईट नका ना होऊ बाई, मीठ द्या.
मी म्हटलं.
मीठ आलं, वर मिरचीची वाटी.

इंग्रजीतून शिकवणाऱ्या माझ्या पुस्तकाने
मे गुस्तासाठी तीन पानं खर्चली होती:
आवडणारी वस्तू कर्ता, माणूस नव्हे,
विचित्र आहे, पण लक्षात ठेवा.
विचित्र काय त्यात?
मला आवडतं. मे गुस्ता.
मला दुखतं. मे दुएले.
गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, मे दुएले,
तर त्यांनी स्वतःचा दाखवला.
दोघींचाही उजवा.

मग कप फुटला. निळ्या काठाचा, उरलेल्या पाचांतला.
मी शब्द जुळवू लागले: मी, फोडणे, भूतकाळ.
त्यांनी झाडू घेता घेता अडवलं.
असं नाही. से मे कायो.
तीनदा म्हणवून घेतलं.
माझ्या हातून पडला.
पडणं कपाचं. मी आपली
जवळ होते.

घरातून कुणीही बाहेर पडलं,
दुकानात, चर्चमध्ये, कोपऱ्यावर दोरा आणायला,
की दारातून हाक येते: या बेंगो.
डायरी काढली. या म्हणजे आता. बेंगो म्हणजे मी येतो.
निघताना येतो!
मी टाळीच वाजवली. आमच्याकडेही तस्संच, म्हटलं,
आणि अर्ध्या हातवाऱ्यांनी समजावलं
की जातो म्हणायची चोरी असते आमच्यात,
चुकून म्हटलंच तर कुणीतरी दटावतं, येतो म्हण.
त्यांनी दोरा दातांतून काढला.
विल्मेरही तेच म्हणाला होता.
पाठीला शाळेचं दप्तर, त्यात दोन शर्ट.
या बेंगो, मामी.
आता न्यूयॉर्कला लोकांच्या घरांची छपरं घालतो.
चौदा वर्षं झाली.
पैसे येतात, महिन्याच्या पाच तारखेला.

माझ्याकडे यावर वाक्य नव्हतं.
लो सिएंतो होतं, पण ते
बसमध्ये धक्का लागला तर, असं लिहून ठेवलेलं.

सोमवारी बस सहा पाचची.
त्या अंगणात मक्याचे दाणे धूत होत्या,
हात कोपरापर्यंत पाण्यात.
पैसे दिले, किल्ली दिली, बॅग उचलली,
दारात वळून आपसूक म्हटलं, या बेंगो.
पाण्याचा आवाज थांबला.
नो, त्या म्हणाल्या,
पाढ्यातली चूक दाखवावी तशा.
तुम्ही जाताय. म्हणा, मे बोय.

मे बोय. दोन अक्षरं.
डायरीत नवव्या ओळीवर,
जानेवारीतच पाठ झालेली.
मी जाते.
गल्लीच्या तोंडाशी बसचा भोंगा वाजत होता,
त्या मान वर करून थांबल्या होत्या,
आणि मी ओठ मिटून
म पर्यंत आले होते.